लंकेच्या नोटेचा आहेर

आठ वर्षांपूर्वी मुलीच्या, गुड्डीच्या, लग्नात आलेल्या आहेराची वही केवळरामांनी मांडीवर उघडली आणि त्यांचं बोट एका नोंदीवर येऊन अडलं. 'धनीराम, सिहोरा, ५००० (लंका).' पुढच्या शुक्रवारी याच धनीरामांच्या मुलीचं, रीताचं, लग्न होतं. घेतलेला आहेर वर एक रुपया घालून परत करायचा, हा सानगडीचा रिवाज केवळरामांच्या घरी कायदाच होता. कमी गेलं तर माणूस हलका ठरतो आणि जास्त गेलं तर येडा, असं त्यांचं पक्कं मत.

धनीराम त्यांचे साडू, म्हणजे पत्नी गोदावरीबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिहोऱ्यात त्यांचं कृषी केंद्र. धानाचं बियाणं खंडीभर खपवलं म्हणून कंपनीनं त्या वर्षी त्यांना श्रीलंकेची सहल घडवली होती. तिथून उरलेली पाच हजारांची एक नोट त्यांनी गुड्डीच्या आहेराच्या पाकिटात घातली. आहेर पुकारणाऱ्यानं आकडा पाहिला आणि माईकवर ठणकावलं, "धनीरामजी, सिहोरा, पाच हजार रुपये!" मांडवानं टाळ्या वाजवल्या. धनीरामांनी खुलासा करण्याची तसदी घेतली नाही.

लग्नानंतर केवळराम नोट बदलायला साकोलीच्या बँकेत गेले, तर "नागपूरला जा" असं उत्तर मिळालं. ते निघणार तेवढ्यात त्यांच्या मुलानं, निकेशनं, मोबाईलवर जुने भाव काढून दाखवले. लंकेचा रुपया तेव्हा बेचाळीस पैशांना होता, पण वर्षभरापूर्वी शेहेचाळीसला होता. झालं! केवळरामांनी उभ्या जन्मात धान पडत्या भावात विकलं नव्हतं, मग नोट कशी विकतील? भाव चढेपर्यंत थांबायचं ठरलं.

ते थांबले आणि भाव उतरत गेला. चाळीस झाला, अडतीस झाला. तिकडे लंकेत पेट्रोलसाठी रांगा लागल्या तेव्हा तो एकवीस पैशांवर आपटला आणि इकडे सानगडीत केवळराम दोन दिवस नीट जेवले नाहीत. त्या देशाची इतकी काळजी तिथल्या मंत्र्यांनी तरी केली असेल की नाही कोण जाणे. सध्या तो कसाबसा एकोणतीसवर आला होता. लंकेत सोन्याच्या विटा असतील नसतील, केवळरामांच्या कपाटात मात्र ही नोट होती.

"मंग आता किती द्याचे?" त्यांनी निकेशला विचारलं.

"आजच्या भावानं साडेचौदाशे होतात बाबा. गुड्डीच्या लग्नाच्या दिवशीच्या भावानं एकवीसशे."

"अन् माईकच्या भावानं पाच हजार!" गोदावरीबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या. "साऱ्या गावानं आयकलं हाये. साडेचौदाशे देऊन माह्या बहिणीसमोर मले खाली पाहाले लावता का जी?"

"अवं, पण त्यानं पाच हजार देल्लेच नाहीत ना!"

"मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

"भरल्या मांडवात पाव्हण्याची इज्जत काढू का मी?"

"नाही ना? मंग आता आपली राखा."

केवळरामांना बायकोचा मुद्दा पटला, पण पाच हजारांचा आकडा काही पटेना. शेवटी त्यांनी न्यायाचा मार्ग धरला. ज्या दिवशी घेतलं त्या दिवशीचा भाव, म्हणजे एकवीसशे आणि वर एक. कुणी नावं ठेवू नयेत म्हणून गावातल्या ऑनलाइन सेंटरवरून त्यांनी गेल्या आठ वर्षांचे भाव रंगीत छापून आणले, लग्नाच्या तारखेभोवती लाल पेनानं गोल केला आणि तो कागद पैशांसोबत पाकिटात घातला. मूळ पुरावा म्हणून नोट खिशात घेतली.

शुक्रवारी सिहोऱ्याच्या मांडवात आहेर पुकारायला धनीरामांचा पुतण्या चंद्रकुमार बसला होता. पलीकडे धनीराम नव्या व्याह्यांना सांगत होते, "आमच्याकडं साडू-साडूचे आहेर पाच-पाच हजारांचे असतात जी. आता पाहाच तुम्ही." आठ वर्षं सांगून सांगून त्यांना स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं.

चंद्रकुमारनं पाकीट फोडलं. "केवळरामजी, सानगडी, दोन हजार एकशे एक... अन् हा कागद. श्रीलंकेचा रुपया, आठ मे दोन हजार सतरा, बेचाळीस पैसे..."

"हे लंकेचं काय हाये जी?" व्याह्यांनी विचारलं.

धनीरामांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी धावत जाऊन माईकवर हात ठेवला आणि केवळरामांना हाताला धरून कूलरच्या मागे ओढलं.

"काय करून राहिले भाऊ तुम्ही? व्याह्यासमोर माही लाज काढता?"

"मी त नियमानं देऊन राहिलो. तुमचा आहेर एकवीसशेचा होता, छापून आणलं हाये."

"ते छापलेलं चुलीत घाला. पाच हजार बोला!"

"पाच हजार म्हणता त हे हाये," केवळरामांनी खिशातून नोट काढली. "तुमचीच."

"हे नाही! आपले पाच हजार!"

"मंग हे घ्या अन् आपले द्या."

हे वाक्य तोंडून कसं निघालं, याचं केवळरामांनाच आश्चर्य वाटलं. धनीरामांनी लगेच हिशेब मांडला.

"एकास एक? आज भाव किती हाये, मालूम हाये का?"

"एकोणतीस पैसे. माईकवर सांगू का?"

तेवढ्यात मांडवातून चंद्रकुमारचा आवाज घुमला, "काका, कागदावरचं पुढचं वाचू का?"

धनीरामांनी पाचशेच्या दहा नोटा मोजल्या. मोजणी बिनचूक झाली आणि लंकेची नोट आठ वर्षांनी त्यांच्या खिशात परत गेली. केवळरामांनी त्या दहा नोटा आणि एक रुपया आहेरात दिला, आपले एकवीसशे आणि तो कागद परत घेतला. माईक पुन्हा गरजला, "मघाचं चुकून वाचलं जी! केवळरामजी, सानगडी, पाच हजार एक रुपये!" व्याह्यांनी कौतुकानं मान डोलावली. बहिणीशेजारी बसलेल्या गोदावरीबाईंनी पदर सारखा केला आणि चारचौघींकडे पाहिलं. त्यांचा नवरा त्यांना इतका मोठ्या मनाचा पहिल्यांदाच वाटला.

परतीच्या वाटेवर निकेशनं गाडीत मोबाईल उघडला. "बाबा, हे त अजून एकोणतीसच पैसे दाखवून राहिलं."

"दाखवू दे," केवळराम खिडकीबाहेर पाहत समाधानानं म्हणाले. "त्यायले सिहोऱ्याचा भाव कोन कळवन?"