एक्केचाळीस नंबरचा प्रवासी

अण्णांना दारासाठी पाटी रंगवायची होती, आणि त्या पाटीवर काय लिहायचं हेच घरात कुणाला माहीत नव्हतं.

अण्णा पेंटर. चित्रांचे नव्हेत, दुकानांच्या पाट्यांचे. पन्नास वर्षांत त्यांनी अर्ध्या शहराची नावं रंगवली होती. न्हावी, वकील, टायरवाला, सगळे त्यांच्या ब्रशखालून गेलेले. आता वय एक्क्याऐंशी आणि डोळ्यांपुढे धुकं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू, पण खात्री देत नाही. काही बारीक काम राहिलं असेल तर आधी उरकून घ्या."

अण्णांचं एकच काम राहिलं होतं.

"लोकांची नावं रंगवण्यात जन्म गेला," ते जेवताना म्हणाले, "आणि सख्ख्या आजोबांचं नाव मला ठाऊक नाही. बापाला विचारायचं राहिलं आणि बाप लवकर गेला. आजोबा बोटीतून उतरले, एवढंच माहितीये. दारावर त्यांचं नाव नि मूळ गाव लिहायचंय. आपल्या अक्षरांत. मग डोळे गेले तर गेले."

आपल्या अक्षरांत, यावर त्यांचा भारी जोर. कारण या देशाच्या लिपीत ळ नाही. पन्नास वर्षांच्या धंद्यात एकदाही ळ काढायला मिळाला नाही, ही अण्णांची जुनी तक्रार. काम नसलं की रद्दी कागदावर नुसते ळ काढत बसायचे.

नाव माहीत नसलं तरी आडनाव होतं, आणि तेही असंतसं नाही. कालतनय! काल म्हणजे काळ, तनय म्हणजे पुत्र. साक्षात काळाचा पुत्र. घरात पिढ्यान्‌पिढ्या हा अर्थ सांगितला जायचा.

"काळाचे पुत्र, आणि कामावर रोज वीस मिनिटं उशिरा," सूनबाई म्हणायच्या. त्या लाँड्रीत कामाला होत्या. रोज शंभर लोकांच्या नावाच्या चिठ्ठ्या कपड्यांना टाचायच्या, त्यामुळे आडनावाचा दरारा त्यांना मुळीच वाटत नसे.

मुलाने मात्र विडा उचलला. हा मुलगा बावन्न वर्षांचा लिफ्ट मेकॅनिक. माणूस सज्जन, पण धंद्याने एक खोड लावलेली: समोर बटण दिसलं की दाबून बघायचं. पूर्वज शोधून देणारी एक साइट त्याला सापडली. जुन्या बोटींच्या याद्या तिथे चढवलेल्या होत्या. त्याने इथल्या लिपीत आडनाव टाकलं, बटण दाबलं, आणि खुर्चीतून उठून उभा राहिला.

"अगं, सापडले! प्रवासी नंबर एक्केचाळीस! आडनाव कालतनय. पहिल्या नावाच्या जागी कारकुनाने रेघ मारलीये, पण गाव आहे. कैमंताई!"

"कुठली ताई?"

"कैमंताई. गावाचं नाव आहे. आणि धंदा, पारतबोल."

"हे काय असतं?"

मुलाने डोळे मिटून विचार केला. "पारद म्हणजे पारा. पाऱ्याचं काहीतरी असणार. औषधं करत असतील. किमयागार असतील!"

"किमया दिसतेच आहे," सूनबाई म्हणाल्या. "अण्णांना सांगा की मग."

"इतक्यात नको. पहिलं नाव मिळू दे, मग एकदम सांगू. खूश होतील."

इथेच घोळ झाला. कारण पानाच्या तळाशी आणखी एक बटण होतं. त्यावर लिहिलं होतं, 'सर्व नातेवाईक जोडा.'

मुलाने ते दाबलं.

साइट दोन मिनिटं गरगर फिरली आणि तिने निकाल दिला. त्याच बोटीवर, एक्केचाळीस ते एक्कावन्न नंबरचे अकरा प्रवासी. अकराही जणांचं आडनाव कालतनय, गाव कैमंताई, धंदा पारतबोल.

"अकरा भाऊ!" मुलाचा आवाज फुटला. "आणि आपण समजत होतो, आजोबा एकटे आले!"

सूनबाईंनी चष्मा लावला. "वयं बघितलीत? सगळे एकोणीस ते चोवीसच्या मधले. सहा वर्षांत अकरा पोरं? त्या माउलीला श्वास घ्यायला तरी सवड दिली का कुणी?"

"जुळी असतील."

"अकरा?"

"तिळीही असतात."

तोवर साइटने आपल्या मनाने त्या अकरा जणांच्या त्रेसष्ट वंशजांना निरोप धाडले होते की तुमचे हरवलेले कुटुंब सापडले आहे. दुसऱ्या दिवसापासून उत्तरांची रीघ लागली. एका दंतवैद्याने लिहिलं, "काका, पेशंट खुर्चीत तसाच आ करून बसलाय आणि मी रडतोय." आठवड्याभरात त्याने घराण्याचं बोधचिन्ह तयार करून घेतलं, वाळूचं घड्याळ आणि पाऱ्याची कुपी. ते छापलेले पन्नास शर्टही आले. निवृत्त ट्रॅफिक इन्स्पेक्टर असलेल्या एका गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला, "अकरा भावांत थोरली पाती कुणाची? ते आधी ठरवा. मागाहून भांडणं नकोत." भांडणं तिथूनच सुरू झाली.

शेवटी लिफ्ट कंपनीच्या कँटीनमध्ये रविवारी सकाळी सगळ्यांनी जमायचं ठरलं. अण्णांना एवढंच सांगितलं की आजोबांचा पत्ता लागलाय, पाटी घेऊन चला.

अण्णांनी चार दिवस खपून फळी तयार केली. घासली, निळ्या रंगाचे दोन हात दिले, खडूने रेघा आखल्या. "कोरीच नेतो," ते म्हणाले. "नाव ऐकलं की तिथेच लिहीन. डोळ्यांचा काय भरवसा?"

कँटीनमध्ये बेचाळीस माणसं जमली. शर्ट सगळ्यांचे सारखे, पण बाकी काहीच सारखं नव्हतं. एक घारा, एक ठेंगू, एकाला मान नाही, एकीला नुसती मानच. जो तो दुसऱ्याच्या तोंडावर आपलं नाक शोधत होता. दंतवैद्याने हळूच सगळ्यांचे दात न्याहाळले; एकाचाही दुसऱ्याशी मेळ नव्हता.

अण्णा खिडकीपाशी उजेडात बसले. मांडीवर पाटी, हातात ब्रश, डोळे मिटलेले. मुलगा यादीचा कागद घेऊन उभा राहिला.

"वाच," अण्णा म्हणाले. "सावकाश. एकेक अक्षर."

"का-ल-त-नय. गाव, कै-मन्-ताई. धंदा, पा-रत-बोल."

"आता भरभर वाच. शब्द तोडू नकोस."

मुलाने भरभर वाचलं. अण्णांचा ब्रश हवेतच थांबला.

"हे लिहिणारा कारकून कुठली भाषा बोलायचा?"

"इथलीच. दुसरी कुठली येणार त्याला?"

"आणि आजोबा?"

"आपली."

"असं कर," अण्णा म्हणाले. "तू कारकून हो, मी आजोबा होतो. बोटीतून आत्ताच उतरलोय. विचार मला."

सगळं कँटीन पुढे सरकलं. मुलाने घसा साफ करून इथल्या भाषेत विचारलं, "नाव?"

अण्णांनी बावचळल्यासारखं त्याच्याकडे बघितलं. "कळत नाय."

"गाव?"

"काय म्हणताय?"

"धंदा?"

"परत बोला!"

कुणीच हसलं नाही. बेचाळीस काळाचे पुत्र छातीवरच्या वाळूच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले.

"पण मग बाकीचे दहा?" इन्स्पेक्टर कसेबसे म्हणाले. "दहाही जणांना तेच कसं सुचेल?"

सूनबाईंनी कागद हातात घेतला. "एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस... अहो, ही रांग आहे! पहिला कळत नाय म्हणाला आणि कारकुनाने शिक्का मारून त्याला आत सोडला. मागच्याला वाटलं, इथे असंच म्हणायचं असतं. त्याने तेच म्हटलं. त्याच्या मागच्याने पण."

"म्हणजे आपण कुणी कुणाचे नाही?" दंतवैद्याने विचारलं. तो शर्टाचं वरचं बटण उगाच काढत घालत होता.

मुलगा अण्णांच्या पायाशी बसला. लिफ्ट अडकली तर माणसं बाहेर काढता येतात, इथे काय करायचं त्याला सुचेना. "चुकलं माझं, अण्णा. एवढा गोतावळा जमवला आणि आजोबांचं नाव काही मिळालं नाही. आता कुठे मिळणारही नाही."

"नाही मिळणार," अण्णा म्हणाले. त्यांनी पाटीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "माझ्या जन्माआधी गेले ते. कसे दिसायचे, कसे बोलायचे, मला कुणी सांगितलं नाही. बापही बोलला नाही कधी. आज त्यांची तीन वाक्यं ऐकली. त्यांच्याच तोंडची. घाबरले असतील रे. बावीस वर्षांचं पोर, समोर टेबल, टेबलामागे टोपीवाला माणूस. पण खोटं नाही बोलले. जे होतं ते सांगितलं."

त्यांनी ब्रश रंगात बुडवला. आधी सरळ शिरोरेषा ओढली, मग क काढला. मग थोडे थांबले, श्वास रोखला आणि ळ काढला. असा गोल, भरदार ळ की इन्स्पेक्टरांनी कारण नसताना टोपी काढली.

"आमच्याही दाराला एक पाटी कराल?" इन्स्पेक्टरांनी विचारलं. "थोरली पाती तुमचीच. ते आता ठरलं. आडनाव ठेवलं ते तुमच्याच आजोबांनी."

"मलाही हवी," दंतवैद्य म्हणाला. "पण आम्ही आता तुमचे लागतो कोण?"

"रांगेतले," अण्णा म्हणाले. "सरक जरा, उजेड अडतोय."

डोळे टिकले तोवर, पंधरा दिवसांत, अण्णांनी अकरा पाट्या केल्या. अकरा ळ झाले. मग ते ऑपरेशनला निघाले.

हॉस्पिटलच्या खिडकीपाशी लांब रांग होती. अण्णांचा नंबर आला. आतल्या बाईंनी मान वर न करता इथल्या भाषेत विचारलं, "नाव?"

अण्णांनी आपल्या भाषेत, मोठ्याने, ताठ उभं राहून सांगितलं, "कळत नाय."

मुलगा घाईघाईने पुढे झाला, पण बाईंची बोटं कीबोर्डवर चालू झाली होती. "मिळालं," त्या म्हणाल्या. "कालतनय. बसा, आजोबा, बोलावतील."

अण्णा समोरच्या बाकावर बसले. त्यांच्या मागे रांगेत कुठल्या तिसऱ्याच मुलखातून नुकताच आलेला एक माणूस होता. पोटाशी फाइल धरलेली, डोळे भिरभिरते. अण्णांचं काम कसं चटकन झालं ते त्याने नीट पाहून ठेवलं होतं. खिडकीतून प्रश्न आला. त्याने एकवार अण्णांकडे पाहिलं आणि ठासून उत्तर दिलं. ळ काही त्याला जमला नाही.

"कालतनय," तो म्हणाला.

अण्णांनी बाकावर सरकून जागा केली.