तहानलेली कुंडी

जेवणाची सुट्टी संपली. प्रशिक्षक मॅडमनी उष्णता टिपणारा कॅमेरा सुरू केला, तर पडद्यावर टोमॅटोची सगळी रोपं सारखीच निळी दिसली. त्यातलं एक लाल दिसायला हवं होतं.

त्या एका रोपाला मॅडमनी शुक्रवारपासून मुद्दाम पाणी दिलं नव्हतं. पाणी प्यायलेलं पान वाफ सोडतं आणि गार राहतं. तहानलेलं पान तापतं आणि कॅमेऱ्यात लाल येतं. आजचं प्रात्यक्षिक एवढंच होतं. ते पाहायला संस्थेचे संचालक येणार होते. "हात न लावता, लांबून, माझ्या डोळ्यांना दिसत नाही असं काहीतरी या कॅमेऱ्यानं दाखवा," त्यांनी बजावलं होतं. "नाहीतर कॅमेरा दुसऱ्या विभागाला देतो आणि हा वर्ग बंद."

मॅडमनी कुंडी उचलली. खालच्या ताटलीत तळं साचलं होतं.

"पाणी कोणी घातलं?"

मॅडमनी वर्गाकडे वळून पाहिलं. सगळे झाडवेडे, पदरमोड करून शिकायला आलेले.

"कुंडीवर चिठ्ठी होती. पाणी घालू नये, अशी."

"होती," गच्चीवर बाग करणाऱ्या काकू म्हणाल्या. "मला वाटलं, कोणीतरी रागाच्या भरात लिहिलीय. मी आपलं घोटभर घातलं."

"तरीच," नर्सरीवाले काका म्हणाले. "मी घालायला गेलो तर माती ओली लागली. पण वरवरचीच असेल म्हटलं."

"म्हणून पुन्हा घातलंत?"

"थोडंसंच."

चष्मेवाला इंजिनिअर पुढे सरकला. "मॅडम, केस वाळवायचं यंत्र आणतो. पानं गरम केली की येईल लाल."

"ती फसवणूक झाली."

"मग पानांना व्हॅसलीन चोपडू. वाफ बाहेर पडणारच नाही."

"बसा खाली."

मॅडमनी आणखी उपाय ऐकले नाहीत. त्यांनी कॅमेरा स्टँडवरून काढला, फिरवला आणि वर्गाकडे रोखला. आज लाल-निळं काहीतरी दाखवल्याशिवाय त्या खोलीबाहेर जाणार नव्हत्या.

तेवढ्यात संचालक आले आणि दाराशीच उभे राहिले. "रोपं इकडे आहेत ना? मग कॅमेरा माणसांवर का?"

"सर, खरं सांगते. तहानलेल्या रोपाला कोणीतरी पाणी घातलंय. कोणी, ते आता कॅमेराच सांगेल. हात न लावता."

कोपऱ्यातला नळ गळका होता. उघडला की फवारा थेट बाहीवर यायचा. ओलं कापडही ओल्या पानासारखंच गार पडतं. पडद्यावर माणसं लालभडक उमटली आणि काकूंची उजवी बाही निळीशार. काकांचीही. मग इंजिनिअरची.

"तुम्हीपण?" मॅडमनी विचारलं.

"सगळ्यात आधी मीच," इंजिनिअर म्हणाला. "बिचाऱ्या एकट्याचंच पाणी बंद होतं."

एकेक करत सगळा वर्ग निळ्या बाह्यांचा निघाला. संचालक पडद्यापाशी येऊन वाकले. "साध्या डोळ्यांना तर सगळ्या बाह्या सुक्याच दिसतायत. हे भारी आहे. अजून एकदा फिरवा बरं."

मॅडमनी कॅमेरा सावकाश फिरवला. फिरवता फिरवता तो संचालकांवर आला. बाही लाल होती, पण कोटाच्या खिशावर रुमालाएवढा निळा चौकोन होता.

मॅडमनी कॅमेरा हलवला नाही.

"मी जरा लवकर आलो होतो," संचालक अखेर म्हणाले. "तुम्ही सगळे जेवायला गेला होतात. सहज मातीला बोट लावलं, तर कोरडीठाक. बाही दुमडून पाणी घातलं, रुमालाला हात पुसले..." त्यांनी खिशावर हात ठेवला. चौकोन झाकला गेला. "चिठ्ठी वाचली होती मी."

"मग, वर्गाचं काय करायचं सर?"

"चालू राहील. कॅमेराही इथेच." त्यांनी घसा साफ केला. "फक्त पुढच्या वेळेपासून या खोलीला कुलूप लावा."

"बरं. किल्ली कोणाकडे ठेवू?"

संचालकांनी वर्गाकडे पाहिलं. मग ताटलीतल्या तळ्याकडे.

"माझ्याकडे नको," ते म्हणाले.