रूळ संपला की पायडल

मुंजाजीभाऊ स्टेशनावर आधी सायकलीचं तिकीट काढतात, मग स्वतःचं. आपण काय, उभ्यानं जाऊ. तिची सोय आधी झाली पाहिजे. पार्सलच्या खिडकीवर बाबू नवा असला की विचारतो, पाठवणार कोण? मुंजाजी. घेणार कोण? मुंजाजी. बाबू चष्मा काढून बघायला लागला की भाऊ शांतपणे म्हणतात, "दोघंबी मीच हाय. लिवा."

परभणीत आमच्या गल्लीत माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीसमोर भाऊंच्या दोन खोल्या. पाटबंधारे कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणतात, रविवार मोडला असता. त्यांचा रविवार म्हणजे सकाळची पॅसेंजर. पोखर्णी, पूर्णा, सेलू, गंगाखेड, जिथं मनाला येईल तिथं उतरायचं, सायकल सोडवून घ्यायची आणि पुढं आडरस्त्यानं दिवसभर हिंडायचं. एकच नियम: "रूळ हाय तिथं रूळ. रूळ संपला की पायडल."

गावातल्या डॉक्टर-वकिलांचं एक सायकल मंडळ आहे. अंगाला चिकटलेले कपडे, डोक्यावर शिरस्त्राण, सायकली अशा महाग की त्या घरात झोपतात आणि मालक गॅलरीत. त्यांनी एकदा भाऊंना राणीसावरगावच्या डोंगराकडं वाटाड्या म्हणून बोलावलं. मंडळ पहाटे परभणीहून सायकलीवर निघालं. भाऊ आरामात रेल्वेनं गेले आणि मंडळ घामाघूम होऊन गंगाखेडला पोचलं तेव्हा स्टेशनासमोर दुसरा चहा पीत बसले होते. सरकारनं रूळ टाकलेत तिथं टांगा कशाला मोडून घ्यायच्या, असं त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं.

पुढं डोंगर दिसायला लागला तशी मंडळी थांबून फोटो काढायला लागली. भाऊंनी डोंगराकडं मान वर केली नाही. ते रस्ता बघत होते. दळण न्यायला आले तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "तुमच्या भाऊंना निसर्गाची आवड नाही हो. खड्ड्यांची आहे."

खोटं नव्हतं. कुठून फिरून आले आणि मी विचारलं, काय बघितलं, तर उत्तर ठरलेलं. "पुलाच्या पुढं खडी उघडी पडलीय. मागच्याला लय हादरे बसतेत." मागचं कोण? कॅरिअरवर कधी कोणी नसतं. तिथं फक्त चौपदरी गोधडी बांधलेली असते, बारा महिने.

मला आडून विचारता येत नाही. एका दुपारी चक्कीला गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा सरळ विचारलं की ही गोधडी कुणासाठी.

"गयासाठी," भाऊ म्हणाले.

गयाबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. राणीसावरगावला दिलेली. आमच्याकडं नागपंचमीला लेक माहेरी आणायची असते आणि आणायला जाणारा भाऊ म्हणजे मुराळी. गयाबाईंच्या लग्नापासून भाऊ मुराळी आहेत. गंगाखेडपर्यंत रेल्वे, पुढं सायकल, सासरी एक मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला मागं बसवून तसंच परत. वर्षभराचे रविवार म्हणजे त्या एका दिवसाची तालीम. मी म्हटलं, गंगाखेडहून बस जाते की थेट दारापर्यंत. चाळीस मिनिटं अंग हलवायची गरज नाही.

भाऊ चक्कीच्या पट्ट्याकडं बघत म्हणाले,

"वैनी, गया तोंडासमोर कदीच कायी बोलत न्हाई. कसं चाललंय म्हणलं की बरं हाय म्हणती. मागं बसली का बोलती."

पहिल्या पंचमीला गावाचं शेवटचं घर मागं पडलं आणि पाठीमागून आवाज सुरू झाला, असं ते सांगत होते. सासूचं बोलणं, जावेचं वागणं. एका वर्षी पाळण्यातलं लेकरू गेलं होतं, ते सगळं त्या रस्त्यावरच रडून झालं. भाऊंनी कधी मागं वळून बघितलं नाही. वळलं की ती गप्प होते. आणि मग गंगाखेडला रेल्वे. गाडीत ती खिडकीशी बसते, तोंड धुते, वेणी नीट करते. परभणीला उतरते ती हसरी माहेरवाशीण.

"बसमधी हे व्हत न्हाई," भाऊ म्हणाले. "बसमधी मानसं असतेत."

यंदा पंचमीच्या आधी भाच्याचा, गणेशचा फोन आला. मामा, या वयात कशाला तकलीफ घेता, आता गाडी घेतलीय, आईला दारात आणून सोडतो. मला पटलं. मी म्हटलंसुद्धा, बरं झालं, पावसात घसरला असतात तर कंबर गेली असती. भाऊ "हां" म्हणाले. त्या रविवारी ते स्टेशनावर गेले नाहीत. दारात बसून स्वच्छ सायकल पुन्हा धुतली.

पंचमीला दळत नाहीत, चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, म्हणून गिरणी बंद होती. सकाळी पांढरी गाडी आली. गयाबाई उतरल्या, बारीक चणीच्या, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. मी पुरणाची दिंडं घेऊन गेले. भाऊंनी विचारलं, कसं चाललंय?

"बरं हाय, दादा."

पुढचं गणेशनं सांगितलं. पोरगा गुणाचा आहे. आईचं बीपी ताब्यात आहे, गुडघ्याला तेल चालू आहे, स्वयंपाकघरात नवा ओटा केला. गयाबाई बांगड्या मागं-पुढं करत होत्या. भाऊ भिंतीकडं बघत होते. चारला परत निघू, अंधार नको, असं सांगून गणेश जेवला आणि खाटेवर कलंडला.

तो उठला तर घरात कोणी नाही. आईला फोन लावला, तो उशाखालीच वाजला. मग माझ्याकडं आला.

"मावशी, आई कुठंय?"

मी ओट्यावरच होते, सगळं बघितलं होतं. भाऊंनी सायकल काढली. गयाबाईंनी पदर खोचला आणि मागं बसल्या. जाताना भाऊ एवढंच म्हणाले, "पिंगळीला जायलोत. येताना पॅसेंजरनं येऊ."

"सायकलीवर? पिंगळीला रेल्वे जाती की," गणेश म्हणाला.

जाते. रूळ असताना भाऊंनी पायडल मारलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

गणेशनं खिशातून किल्ली काढली. मी त्याला खाली बस म्हटलं आणि ताटलीत दिंड वाढलं.

"आईचं काय काम हाय पिंगळीत?"

"काम काही नाही," मी म्हटलं. "रस्ता लांब आहे."