कस्तुराची थकीत वाढ

बालपणीच्या गरिबीवर चार देशांत चाललेल्या संशोधनाचा निधी संपला आणि त्या दिवसापासून आमच्या रिसोडची कस्तुरा आठ वर्षांचीच राहिली. तीच ती मुलं जन्मापासून मोठी होईपर्यंत काय खातात, किती शिकतात, किती वाढतात, हे घरी जाऊन टिपायचं, असं ते काम, आणि कस्तुरा त्या मुलांपैकी एक. टिपणारे येईनात, तेव्हा वाढ थांबणं नियमाला धरूनच होतं. गुरुजींनी तिला तिसरीतच बसवलं. धाकटा भाऊ सोपान तिला ओलांडून दहावीत गेला आणि म्हणू लागला, "आता मला दादा म्हणायचं."

"म्हणते हं! माझा निधी येऊ दे, मग बघते तुला."

माझं दुकान तयार कपड्यांचं. कस्तुराची आई शेवंता वीटभट्टीवर जाते. दर दिवाळीला यायची आणि फ्रॉक मागायची तो वाढत्या अंगाचा. आमच्याकडे सगळेच तसा घेतात. माझा लग्नातला कोटसुद्धा वाढत्या अंगाचा होता. वाढलो खरा, पण आडवा.

मी म्हणायचो, "शेवंताबाई, पोरगी वाढत नाही. मापाचा घ्या."

"असू द्या शेठ. मधेच मंजुरी आली तर लेकराला आखूड नको पडायला."

मी मोठा काढून द्यायचो.

यंदा निधी देणाऱ्या समितीचे निरीक्षक पिंपळखरे आले. निधी पुन्हा द्यायचा की काम कायमचं बंद करायचं, हे त्यांनी ठरवायचं होतं. शेवंताच्या खोलीत चौघं मावत नाहीत, म्हणून बैठक माझ्या दुकानात भरली. कस्तुराच्या खांद्यावरून ओघळणारा फ्रॉक पाहून साहेब म्हणाले, "कपडे मापाचे नाहीत. हलाखी म्हणून लिहितो."

"चुकीचं लिहाल, साहेब." शेवंतानं फ्रॉकचा घेर उलटा करून आत दुमडून शिवलेलं कापड दाखवलं. "ही पुढच्या वर्षाची जागा हाय."

पिंपळखरे त्या शिवणीकडे पाहत राहिले. "बाकीच्या देशांतही आया हेच करतात," ते म्हणाले. "आम्ही दरवेळी चुकीच्या रकान्यात टाकलं." आणि त्यांनी निधी मंजूर केला.

प्रश्न उरला थकबाकीचा.

"राहिलेली वाढ एकरकमी हवी की हप्त्यानं?" साहेबांनी विचारलं.

"एकरकमी!" कस्तुरा ओरडली. "कुठं आहे तो सोप्या?"

शेवंता म्हणाली, "एकरकमी घेतली तर संध्याकाळी माझ्या घरी एक बाई येईल. पोरगी मोठी होताना मला दिसायचीच नाही."

कस्तुरा आईकडे बघत राहिली. "साहेब, हप्ते लवकर लवकर मिळतात?"

"वर्षाला एक वर्ष. त्याहून घाई करता येत नाही."

"मग हप्त्यानंच द्या. पण सोप्यानं मला ताई म्हणायचं, हेही आदेशात घाला."

पिंपळखऱ्यांनी ते घातलं आणि सही केली. सही वाळते न वाळते तोच कस्तुराचा दात हलला आणि तिच्या तळहातावर पडला.

साहेबांनी पाकीट पुढं केलं. "हा समितीकडे जमा होईल."

"तो छपरावर जातो, साहेब," शेवंता म्हणाली.

पिंपळखऱ्यांनी थोडा विचार केला, पाकीट खिशात घातलं आणि विचारलं, "कुठल्या?"

मी माझ्या दुकानाचे पत्रे दाखवले. साहेबांनी बूट काढले, माझ्या स्टुलावर चढले आणि दात वर टाकला. तो घरंगळत परत आला.

दुसऱ्यांदा राहिला.