स्कॅनआधी शांताकाकू

आमच्या सास्तूरच्या शांताकाकू भर जीपमध्ये सरपंचांना म्हणाल्या, "सुई दिल्यावर अंग गरम होतंय. पायजमा ओला झाल्यावानी वाटतंय, पर होत न्हाय." सरपंच सीटी स्कॅनला निघाले होते. ते जे खिडकीबाहेर बघायला लागले, ते थेट दवाखाना येईपर्यंत.

काकू आमच्या शेजारच्या. गावात कुणालाही स्कॅन लिहून दिला की सोबत जायला पेशंटच्या आधी काकूंची पिशवी भरलेली असते. "डॉक्टरपुढं लाजायचं न्हाय," हे त्यांचं पालुपद. किडनीचा त्रास, साखरेच्या गोळ्या, कुठल्या औषधानं अंगाला खाज सुटते, सगळं त्या आधीच सांगायला लावतात. एका नव्या सुनेला तर सासूदेखत म्हणाल्या, "दिवस गेले असतील तर मशीनवाल्याला आधी सांगायचं, सासूला मागनं."

डॉक्टरांनी उपाशी बोलावलं असेल तर काकू वाटेत भज्यांचा वाससुद्धा घेऊ देत नाहीत. एकदा त्यांनी ड्रायव्हरचीच भजी अडवली. त्या बिचाऱ्याचा स्कॅनशी काडीचा संबंध नव्हता.

आत जाताना दागिने काढावे लागतात. ते सगळे काकूंच्या अंगावर चढतात. मग दोघीतिघींच्या पाटल्या आणि बोरमाळा घालून त्या बाहेर बाकावर बसतात, ते एखाद्या लग्नाला आल्यासारख्या.

मध्यंतरी काकूंचंच पोट दुखायला लागलं. डॉक्टरांना गाठीचा संशय आला, म्हणून स्कॅन करायचा ठरला. सोबत मी गेलो. वाटेत ड्रायव्हरनं भजी घेतली, तरी काकूंनी अडवली नाहीत. मला ते मुळीच बरं वाटेना.

नाव पुकारलं तरी त्या उठेनात. मी म्हणालो, दुखत नाही हे तुम्हीच तर सगळ्यांना सांगता.

"दुखायचं कोण बोलतंय," त्या हळू म्हणाल्या. "तुझे काका आतनं भाईर आले, तवा म्या चहाला गेलते. म्या दिसंना म्हणून लेकरावानी रडले रे ते. त्यांचा तो शेवटचाच दवाखाना. तू कुठं जाऊ नगंस."

त्या आत गेल्या आणि मी दारासमोर उभा राहिलो. कुणीतरी बसायला जागा करून दिली, तरी बसलो नाही.

दार उघडलं. काकूंनी आधी मला शोधलं, आणि मग कुठं पदर सावरला.