रुमाल टाकलेली जागा

सौदामिनीबाई नांदेडहून निघाल्या त्याच मुळी चिडून. एस.टी. वेळेवर आली याचाही त्यांना राग आला, कारण ती लातूरला जाणारी होती.

लातूरशी त्यांचं वैर पन्नास वर्षांचं. मीटरगेजचे दिवस. परभणीच्या फलाटावर त्यांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि कडेवरच्या तान्ह्या लेकीला पाणी पाजायला नळावर गेल्या. येऊन बघतात तर रुमालावर एक धोतरवाला बसलेला. मांडीवर पिशवी, पिशवीवर लातूरच्या डाळमिलचं नाव. "रुमालाला तिकीट असतं का बाई?" एवढं बोलून त्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं, आणि सौदामिनीबाई मूल घेऊन नांदेडपर्यंत उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून लातूरची डाळ त्यांच्या घरात शिजली नाही. नवरा डाळ आणायचा तो मुखेडकरांच्या दुकानातूनच; ही डाळ लातूरची नव्हे, असं मुखेडकर त्याला छातीला हात लावून सांगायचे. पुढं लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं न्यावं लागलं तेव्हा सारं नांदेड हळहळलं. बाई म्हणाल्या, "आता कळलं असंल, पाण्यासाठी खाली उतरणाऱ्याचं काय होतं ते."

आणि त्याच लेकीची लेक, मुग्धा, लातूरलाच नोकरीला लागली. गावाबाहेरच्या रेल्वेडब्यांच्या कारखान्यात ती इंजिनिअर होती. लांबच्या कुठल्याशा शहरासाठी तिथं जमिनीखालून धावणारी विजेची गाडी तयार झाली होती. आपोआप मिटणारी दारं मुग्धानं बसवलेली. उद्या सगळे डबे ट्रेलरवर चढून जाणार, म्हणून आज कामगारांच्या घरच्यांना बोलावलं होतं. आवारातल्या रुळांवर एकच फेरी, आणि ती फक्त बसलेल्यांना; उभ्यानं कुणाला न्यायचं नाही असा कडक नियम. बाईंना त्या गाडीत नातीच्या शेजारी बसायचं होतं. एवढ्यासाठी त्या वैऱ्याच्या गावात पाय ठेवायला तयार झाल्या होत्या.

डब्यात चढताच त्यांचा पारा चढला. बाकं लग्नाच्या मांडवासारखी समोरासमोर, आणि खिडकी उघडायची सोयच नाही. खिडकीच उघडत नसेल तर माणसानं रुमाल टाकायचा कुठून, असं त्यांनी तिथल्या पोराला विचारलं. पोरगं नुसतं हसलं. मग बाईंनी स्वतःच्या जागेवर पिशवी ठेवली, शेजारी मुग्धासाठी जांभळ्या काठाचा रुमाल पसरला आणि ती कुठं अडकली ते बघायला दारापर्यंत गेल्या. वळून बघतात तर रुमालावर एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बसून सीट दाबून बघत होते.

ते मकसूदभाई. लातुरात गाद्या भरण्यात त्यांचा जन्म गेलेला. या डब्यातल्या सीट त्यांच्या पोरानं, यासेरनं बसवल्या होत्या.

"उठा," बाई म्हणाल्या. "जागा धरलेली हाय."

"कोण बसलंय?"

"रुमाल दिसत न्हाई का?"

"दिसून राहिला की. पण रुमालाला काय पाय दुखतेत का बाई? ही सीट माझ्या पोरानं ठोकली. बापानं बसून बघू नये? कापसाचा पत्ता न्हाई हिच्यात, ते सोडा."

"तुमच्या पोरानं सीट ठोकली, तर माझ्या नातीनं दारं बसवली. दारच नसतं तर आत आला असता का?"

"सीटच नसती तर दारातून आत येऊन काय केलं असतं?"

भांडण चांगलंच पेटलं. लातूरकर असेच, असं बाई म्हणाल्या; नांदेडच्या लोकांना सगळीकडं आपलाच फलाट वाटतो, असं मकसूदभाई म्हणाले. शेवटी बाई "नातीलाच आणते, मग बघते तुम्हाला," असं म्हणून तणतणत खाली उतरल्या.

भांडण ऐकून बाकीचे पाहुणे मात्र शहाणे झाले. जागेवरून एवढा तंटा होतो म्हटल्यावर प्रत्येकानं आपल्या जागेवर काही ना काही टाकलं. रुमाल, उपरणं, टोपी, पेरूची पिशवी. कारखान्याचे मोठे साहेब श्रीशैल, त्यांच्या सासूबाईंनीही मण्यांची पर्स ठेवली. आणि एकदा जागा धरली म्हटल्यावर आपल्याकडची माणसं काय करतात? खाली उतरतात. फलाटावर चहा होताच. शिट्टी झाली की चढायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

पण या गाडीला शिट्टी नव्हती. गार्ड नव्हता, झेंडी नव्हती. ठरलेल्या वेळी काहीतरी किणकिणलं, ते कुणाच्या तरी फोनचं असावं असं समजून सगळ्यांनी आपापले खिसे चाचपले. तोवर दारं मिटली होती. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. काचेतून ओळीनं रुमाल गेले, टोप्या गेल्या, पेरू गेले, आणि त्या सगळ्यांमध्ये एकटे मकसूदभाई. त्यांनी बाईंना अदबीनं आदाब केला.

मुग्धा धावत आली ती हेच बघायला.

"आजी, तू बाहेर कशी?"

"तुझ्या दारांना विचार," बाई कडाडल्या. "माणूस आत हाय का बाहेर, एवढं कळत न्हाई त्यांना?"

"मधे कुणी असलं तर थांबतात ती. मधे कुणीच नव्हतं. सगळे चहा पिऊन राहिले होते."

आपल्याच नातीच्या दारांनी आपल्या तोंडावर मिटावं, यापरतं दुसरं काय पाहायचं राहिलं होतं? बाईंनी अर्धा कप चहा तसाच ठेवून दिला.

गाडी परत आली, दारं उघडली आणि फलाट आत घुसला. जो तो आपापल्या रुमालावर बसला. श्रीशैलसाहेबांनी फेरी संपल्याचं हात जोडून सांगितलं. कुणी हललं नाही. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, माझी पर्स फिरली, मी कुठं फिरले?" साहेबांना आणखी एक गोष्ट उमगली होती. वरच्या साहेबांना भरल्या गाडीचा व्हिडिओ पाठवायचा होता, आणि झालेल्या व्हिडिओत दोरीवरचे कपडे फिरवून आणल्यासारखं दिसत होतं. त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि दुसरी फेरी कबूल केली. फक्त मुग्धाला हुकूम झाला, की तिनं फलाटावर दारापाशी उभं राहायचं आणि एकालाही उतरू द्यायचं नाही.

मकसूदभाई उठून उभे राहिले होते. रुमालाची नीट घडी करून त्यांनी तो बाईंना दिला. "घ्या. एकट्यानं फिरण्यात मजा न्हाई."

बाईंनी घडी मोडली आणि रुमाल पुन्हा शेजारच्या जागेवर पसरला.

"आता कुणासाठी? नात तर दारात उभी हाय. मला जागा न्हाई मिळाली तर हे लोक खाली उतरवतील."

"उतरा. तुमच्या गावच्या माणसानं मला परभणीपासून उभं केलं होतं." आणि बाईंनी नळ, रुमाल, पिशवी सगळं एका दमात ऐकवलं.

मकसूदभाईंनी दाढी कुरवाळली. "नळ फलाटावरच होता ना? वाहता?"

"धो धो."

"आणि तो माणूस बसूनच राहिला?"

"ढिम्म."

"मग तो लातूरचा नसंल बाई. वाहता नळ बघून लातूरचा माणूस गाडीत बसून राहायचा न्हाई. पिशवीचं काय, तसली पिशवी अख्ख्या मराठवाड्यात फिरती. तो उतरला कुठं, ते सांगा."

बाई तेही ऐकवायला निघाल्या. त्यांना सगळं आठवत होतं, पन्नास वर्षं आठवत होतं. फक्त या टोकाकडून कधी कुणी विचारलं नव्हतं. धोतरवाला नांदेडलाच उतरला होता. त्यांच्या पुढं, त्यांना धक्का देऊन.

त्यांनी रुमाल उचलला. "बसा," त्या दुसरीकडं बघत म्हणाल्या. "आणि बोलू नका."

किणकिणलं. मुग्धानं दाराबाहेरून आजीकडं बघून हात हलवला, दारं मिटली, गाडी निघाली. बाईंनीही हात हलवला, पण त्यांचं ध्यान नांदेडच्या स्टेशनाबाहेर होतं. तिथं धोतरवाल्याला बघून टांगेवाला पुढं आला होता, त्यानं हाकही मारली होती. काय बरं म्हणाला होता तो? फेरी निम्मी झाली आणि त्यांना ते लख्ख ऐकू आलं.

"या, मुखेडकरशेठ."

गाडी भुयारात जाण्यासाठीच बनवलेली होती. लातुरात एखादं भुयार असतं तर बरं झालं असतं, असं पन्नास वर्षं मुखेडकरांच्याच दुकानची डाळ शिजवणाऱ्या सौदामिनीबाईंना वाटून गेलं.