पेरू न खाणारं वाहन

एका जंगलात एक चर्च होतं. बाळांनो, जंगलात चर्च कुठून आलं असं विचारू नका. शेजारी दवाखानाही होता, त्याबद्दल तर कुणी विचारत नाही.

चर्चचे पाळक होते शामुवेल बगळा. पांढरेशुभ्र, उंच, आणि एका पायावर उभे राहून लांबलचक प्रार्थना करणारे. दवाखान्याचे डॉक्टर होते नहूम माकड. त्यांच्या हाताखाली केतुराबाई खार बावीस वर्षं कंपाउंडर होती. काटे काढायचे, पट्ट्या बांधायच्या आणि सगळं वहीत लिहून ठेवायचं, हे तिचं काम.

एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "मंडळी, आता आपण परदेशी जाऊन आजाऱ्यांची सेवा करायला हवी."

"साहेब, इथे सशांच्या आळीत खरूज आलीय," केतुराबाई म्हणाली.

"खरूज कुठे पळून जातेय, बाई?" पाळकसाहेब म्हणाले.

समुद्रापलीकडे एक बेट होतं. तिथे जमिनीवरची कासवं राहत. ती फार आजारी असतात, असं ठरलं. कुणी ठरवलं, ते वहीत नाही. महिला मंडळाने लोकरीच्या शाली विणल्या. तरुण संघाने कापडी फलक रंगवला. 'शंभर रुग्णांची सेवा.' फलक आधी रंगवल्यामुळे आकडा पक्का झाला.

बेटावर पत्र गेलं. मंडळींना न्यायला तिकडून एक भलंमोठं समुद्री कासव आलं. त्याचं नाव तोबिया.

आता नीट ऐका, कारण या गोष्टीतल्या मोठ्या माणसांनी हे नीट पाहिलं नाही. तोबियाच्या जबड्यात, आतल्या बाजूला, मासे पकडायचा गळ रुतला होता. आठ दिवस झाले होते. त्याला तोंड नीट मिटता येत नव्हतं आणि घास तर मुळीच गिळता येत नव्हता. गळ निघाला नाही, तर तोबिया काही जगणार नव्हता.

"झय ख्रिह्त," तोबिया म्हणाला.

"जय ख्रिस्त, जय ख्रिस्त!" डॉक्टर म्हणाले आणि पाळकांच्या कानाला लागले. "परदेशी उच्चार. होईल सवय."

प्रवास तीन दिवसांचा होता. मंडळी तोबियाच्या पाठीवर बसून गीतं गात होती आणि त्याच्याच पाठीवर पायाने ताल धरत होती. केतुराबाईकडे पेरूंची टोपली होती. रोज सकाळी ती एक पेरू तोबियापुढे सोडायची. तो मान हलवून आभार मानायचा आणि पेरू लाटेवर तरंगत निघून जायचा.

वहीत तिने लिहिलं, 'पहिला दिवस. तोबियाने पेरू खाल्ला नाही.' दुसऱ्या दिवशी तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी ती वही घेऊन डॉक्टरांकडे गेली.

"केतुराबाई, ही रुग्णांची वही आहे," डॉक्टर म्हणाले. "वाहनाची नोंद मागच्या पानावर करा."

"पण डॉक्टर, वाहन पेरू का खात नाही?"

"माझी सायकलही खात नाही," डॉक्टर म्हणाले. सगळी मंडळी हसली. पाळकसाहेब तर इतके हसले की त्यांना दुसरा पायही टेकावा लागला.

बेटावर तंबू पडला. फलक लागला. पहिला नंबर दबोराआजीचा. ही बेटावरची सगळ्यात म्हातारी कासवीण, तिथली सुईण आणि वैदूही तीच. डॉक्टरांनी तिला थर्मामीटर लावला आणि दचकून मागे सरकले.

"अरे देवा! हिचं अंग पार गार पडलंय! नाडी मिनिटाला दहा!"

कासवाचं अंग गारच असतं आणि नाडी सावकाशच चालते, हे तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. ते फक्त गरम रक्ताच्या प्राण्यांवर शिकले होते. दुसरं कासवही गार निघालं. तिसरंही.

"साथ आहे!" डॉक्टर आनंदाने ओरडले.

प्रत्येक कासवाला शाल गुंडाळली आणि आलं-मिरीचा काढा पाजला.

"आता कसं वाटतंय, आजी?"

"उकडतंय, बाबा."

"बघा! गुण आला!"

तोबियाही रांगेत येऊन उभा राहिला होता. त्याचा नंबर आला तेव्हा डॉक्टर वहीतून मान वर न काढता म्हणाले, "वाहनं बाहेर लावा." तोबिया सावकाश वळला आणि किनाऱ्यावर जाऊन वाळूत पडला. केतुराबाईने ते पाहिलं. पण तिच्यापुढे काढ्याचे पेले होते आणि मागे रांग होती. मोकळी झाले की जाते, असं ती मनाशी म्हणाली. ती मोकळी काही झाली नाही.

कारण रांग संपतच नव्हती. बेटावर कासवं होती फक्त तेहेतीस. ती पहिल्याच दिवशी तपासून संपली आणि पाहुण्यांचे चेहरे पडले. तेव्हा दबोराआजीने सगळ्यांना चिंचेखाली बोलावलं.

"एवढा समुद्र ओलांडून आलेत बिचारे," ती म्हणाली. "रुग्ण नाहीत म्हटल्यावर जीव बारीक होईल त्यांचा. प्रत्येकाने तीनदा जायचं. शाली आपसात बदला, म्हणजे ओळखू येणार नाही."

"आजी, काढा फार तिखट आहे गं," एक कासव म्हणालं.

"शेजाऱ्यावर प्रीती कर असं लिहिलंय. गोड काढ्यापुरतीच कर, असं नाही लिहिलेलं."

तेहेतीस त्रिक नव्व्याण्णव. पाचव्या दिवशी वहीत नव्व्याण्णव रुग्ण झाले आणि आकडा तिथेच अडला.

पाळकसाहेब ताडकन दोन्ही पायांवर उभे राहिले. नव्व्याण्णव मेंढरं सोडून हरवलेल्या एकाला शोधायला निघालेल्या मेंढपाळाचा दाखला त्यांनी आजवर कितीदा सांगितला होता! ते लांब टांगा टाकत शंभराव्याला शोधायला निघाले. त्यांनी निवडुंगामागे पाहिलं. दगड उलटे करून पाहिले. किनाऱ्यावरून तर ते दोनदा गेले.

"साहेब, तोबियाला बघा ना," केतुराबाई मागे धावत म्हणाली.

"मी हरवलेल्याला शोधतोय, बाई. तोबिया कुठे हरवलाय? तो समोरच तर आहे!"

केतुराबाईने वही मिटली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने बेरीज न करता वही मिटली. डॉक्टरांच्या पेटीतली पक्कड घेतली. पाच दिवस ती पक्कड बिस्किटांचे डबे उघडायला वापरली जात होती. ती घेऊन केतुराबाई किनाऱ्यावर गेली.

तोबियाचं डोकं मांडीवर घेऊन दबोराआजी बसली होती. तोबियाने डोळे मिटले होते.

"आलीस? ये," आजी म्हणाली. "गळ आहे आत. माझा हात बघ, उखळासारखा. आत जातच नाही. बारीक हाताचं कुणीतरी येईल म्हणून वाट बघत होतो."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. डॉक्टर म्हणाले, नंबर लावा. लावला. पुढचं तू पाहिलंसच."

केतुराबाईचे कान लाल झाले. पक्कड घेऊन ती तोबियाच्या तोंडात कमरेपर्यंत शिरली. गळाला उलटं टोक असतं, तो मागे ओढला तर मांस फाडतो, हे तिला ठाऊक होतं. तिने तो पुढे ढकलला, टोक बाहेर आल्यावर पकडीने तोडलं आणि उरलेली तार अलगद मागे काढली. बाहेर आजी गुणगुणत तोबियाची मान धरून होती. तोबियाने एकदाही तोंड मिटलं नाही. मिटलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मग केतुराबाईने टोपलीतला शेवटचा पेरू काढला, चावून मऊ केला आणि त्याच्यापुढे ठेवला. तोबियाने तो खाल्ला. जरा वेळाने म्हणाला, "डॉक्टर येणार कळलं ना, तेव्हा मीच म्हणालो होतो, त्यांना मी आणतो."

तेवढ्यात तंबूतून जल्लोष ऐकू आला. शंभरावा रुग्ण सापडला होता. निरोपाच्या जेवणात डॉक्टरांनी समुद्री शेवाळाच्या अकरा वाट्या खाल्ल्या होत्या आणि आता ते पोट धरून लोळत होते. दबोराआजीने जाऊन त्यांना त्यांचाच काढा पाजला. पाळकसाहेबांनी स्वतःच्या हाताने वहीत शंभर लिहिलं.

परतीचा प्रवास दोनच दिवसांत झाला. रविवारी चर्चमध्ये साक्षी झाल्या, म्हणजे ज्याने त्याने उभं राहून आपला अनुभव सांगितला. डॉक्टर चाळीस मिनिटं बोलले. अहवाल वाचला गेला: रुग्ण शंभर, शाली नव्व्याण्णव, वाहन-दुरुस्ती एक.

शेवटी केतुराबाईला एक मिनिट मिळालं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "तोबियाने पेरू खाल्ला."

मंडळींनी थोडा वेळ वाट पाहिली. पुढे काही आलं नाही, तेव्हा त्यांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी पुढच्या वर्षीसाठी आणखी लांबचं बेट जाहीर केलं. मागच्या बाकावर ससे बसले होते. ते एका हाताने टाळ्या वाजवत होते, कारण दुसऱ्या हाताने खाजवत होते. केतुराबाईने वहीचं नवं पान उघडलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

तात्पर्य : सेवेला निघालेल्याने नजर कायम क्षितिजावर ठेवावी. चुकून पायाखाली गेली, तर रुग्ण पहिल्याच दिवशी बरा होतो, आणि मग एवढा रंगवलेला फलक लावायचा कुठे?